आपल्या टीमचा अंदाज आपण लिहायचा का?

प्रस्ताव गौरीचा होता. फुटबॉलच्या नव्या सीझनपासून ज्याने त्याने स्वतःच्या टीमची मॅच सोडून बाकीच्या नऊ मॅचचे अंदाज लिहायचे. आपल्या टीमचा स्कोअर लिहायला बंदी.

"का पण?" मंद्या एवढ्या जोरात ओरडला की पलीकडच्या आजोबांनी मोबाइलवरचं भजन बंद करून आमच्याकडे पाहिलं.

स्थळ शिवाजी पार्क, उद्यान गणेशाच्या बाजूचा कट्टा. ऑगस्ट २०२५, दहीहंडी दोन-तीन दिवसांवर. पाऊस नुकताच थांबलेला, कट्टा ओला, म्हणून प्रत्येकाच्या बुडाखाली पेपरचं एकेक पान. क्रिकेटच्या या पंढरीत फुटबॉलवर भांडणारे आम्ही पाच जण तसे अल्पसंख्याकच. इंग्लंडची प्रीमियर लीग शुक्रवारी रात्री साडेबाराला सुरू होणार होती आणि त्याआधी नियम ठरवायचे होते.

ज्यांना आमचा उद्योग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दर आठवड्याला लीगच्या दहा मॅच असतात. प्रत्येकाने पहिली मॅच सुरू व्हायच्या आत दहाही स्कोअर ग्रुपवर टाकायचे. निकाल बरोबर आला तर एक पॉइंट, नेमका स्कोअर आला तर तीन. हिशोब गौरीच्या एक्सेलमध्ये. सीझन संपल्यावर जो शेवटचा, त्याने सगळ्यांना मिसळ खिलवायची. पैसे लावायचे नाहीत. ही अट काकांची. गिरणगावात आकड्यापायी उठलेली घरं त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहेत, त्यामुळे तिथे चर्चाच नाही.

मंद्या आर्सेनलचा, निन्या मँचेस्टर युनायटेडचा, गौरी लिव्हरपूलची. काका कोणाचेच नाहीत. माझी टीम कोणती ते इथे सांगत नाही, विषय भरकटेल.

"का ते सांगते," गौरीने मोबाइल काढला. "गेल्या सीझनला आर्सेनलच्या अडतीस मॅच. वीस जिंकले, चौदा ड्रॉ, चार हरले. तू अडतीस वेळा काय लिहिलंस?"

"आर्सेनल."

"म्हणजे अठरा वेळा भोपळा. एकदाही ड्रॉ लिहावासा वाटला नाही तुला? चौदा ड्रॉ, मंद्या! चॅम्पियन लिव्हरपूलचे नऊ होते."

"ड्रॉ कोण लिहितं?" मंद्या म्हणाला. "मॅच बघायच्या आधीच अर्धी हार मानायची? आणि ते चौदा ड्रॉ म्हणजे काय आम्ही वाईट खेळलो म्हणून झाले का? एकेक मॅच काढ. ब्रायटन. आमच्या राइसला दुसरं पिवळं कार्ड कशाबद्दल? बॉल जरासा पायाने सरकवला म्हणून. सिटीची मॅच..."

"झालं सुरू," निन्या म्हणाला.

पण मँचेस्टर सिटीची मॅच त्याने सांगितलीच, आणि तो ती छान सांगतो हे मान्य करायला हवं. २२ सप्टेंबर २०२४, सिटीचं एतिहाद मैदान. आपल्याकडे रविवारचे रात्रीचे नऊ. आर्सेनल २–१ ने पुढे आणि हाफ टाइमच्या तोंडावर त्यांच्या ट्रोसारला दुसरं पिवळं कार्ड, म्हणजे मैदानाबाहेर, तेही बॉल लांब मारला म्हणूनच. मग अख्खा दुसरा हाफ दहा जण आपल्या डीत तळ ठोकून. सिटीचे एकामागून एक क्रॉस, एकामागून एक शॉट, आणि गोलमध्ये आर्सेनलचा राया. मंद्या घरी सोफ्याच्या मागे उभा राहून बघत होता, कारण बसला तर गोल जातो असा त्याचा अनुभव. नव्वद झाली, पंचाण्णव झाली. आई आतून म्हणाली, अरे पितृपक्ष चालू आहे, पितृपक्षात कसलं जिंकताय. आणि अठ्ठ्याण्णवाव्या मिनिटाला सिटीच्या स्टोन्सने बॉल आत ढकलला. २–२.

"त्या रात्री मी जेवलो नाही," मंद्या म्हणाला. "आणि तू मला सांगतेस की मी ड्रॉ लिहायला हवा होता?"

"२–२ लिहिला असतास तर तीन पॉइंट होते."

"आई शप्पथ, या बाईला काळीज नाही."

मग त्याने जखमींची यादी लावली. डिसेंबरमध्ये साकाचा हॅमस्ट्रिंग, जानेवारीत जेझुसचा गुडघा, फेब्रुवारीत दुबईच्या कॅम्पमध्ये हावर्ट्झ. शेवटी मेरिनो या मिडफिल्डरला स्ट्रायकर म्हणून उभा केला, आणि त्याने लेस्टरवर येऊन दोन गोल मारले म्हणून ती मॅच निघाली. व्हिलाविरुद्ध घरी २–० पुढे असताना २–२ कसं झालं, हे मात्र त्याने जरा घाईत उरकलं. तिथे ना कुणाला लाल कार्ड होतं ना आईचा पितृपक्ष.

निन्या इतका वेळ शेंगदाणे खात गप्प होता. त्याचं गप्प बसणं संशयास्पद असतं. गौरीने मोर्चा तिकडे वळवला.

"आणि हा बघा. युनायटेडच्या अडतीसच्या अडतीस मॅच युनायटेड हरणार."

"सोपं आहे," निन्या म्हणाला. "हरली तर पॉइंट मिळतो, जिंकली तर आनंद मिळतो. माझं दोन्हीकडून भागतं."

"गद्दार!" मंद्या.

"गद्दार काय? विमा आहे तो. तुझी टीम दुसरी येते. तीन वर्षं लागोपाठ दुसरी. तुला काय कळणार विम्याचं. आम्ही पंधरावे आलो, पंधरावे! बेचाळीस पॉइंट. घरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर लीगच्या नऊ मॅच हरलो. टॉटनहॅम येऊन तीन मारून गेले, बोर्नमथ येऊन तीन मारून गेले. जानेवारीत ब्रायटनने घरात धुतल्यावर अमोरिम स्वतः बोलून गेला की क्लबच्या इतिहासातली कदाचित सगळ्यात वाईट टीम आहे ही. कोच जे म्हणतोय तेच मी लिहितोय तर मी गद्दार?"

गौरीने स्क्रीन वर-खाली केली. "युनायटेड, अकरा जिंकले, नऊ ड्रॉ, अठरा हरले. म्हणजे निन्याचे युनायटेडवर अठरा निकाल बरोबर. आणि मंद्याचे आर्सेनलवर वीस."

क्षणभर कोणी बोललं नाही. मग काका जे हसायला लागले ते थांबेनात. "म्हणजे हा वर्षभर देवळात आणि तो वर्षभर स्मशानात बसून होता, आणि फरक किती? दोन?"

मला विचाराल तर त्या संध्याकाळची खरी मौज या आकड्यात होती. आम्ही वर्षभर मंद्याला भाबडा आणि निन्याला बेरकी समजत होतो. एक्सेलला दोघं जवळजवळ सारखेच दिसले. दोघांनीही मॅच बघून, टीम बघून, कोण जखमी कोण फॉर्मात हे बघून काही लिहिलंच नव्हतं. स्वभाव लिहिला होता.

"आणि तुझे स्वतःचे किती?" मंद्याने गौरीला विचारलं.

"लिव्हरपूल पंचवीस जिंकले."

"म्हणजे तूही दर वेळी लिव्हरपूलच लिहीत होतीस!"

"ते जिंकत होते म्हणून लिहीत होते."

"वा! सलाहने एकोणतीस गोल मारले, अठरा असिस्ट दिले, त्यात तुझं काय कर्तृत्व? तुझी श्रद्धा फळली तर तो अभ्यास, आणि माझी नाही फळली तर अंधश्रद्धा?"

हा मुद्दा बिनतोड होता, आणि गौरीला तो लागलाही. ती म्हणाली, म्हणूनच तर बंदी म्हणतेय ना, मलाही लागू होईल. तक्त्यावरून कळायला हवं की फुटबॉल कुणाला कळतं. नशिबाने कुठल्या टीमच्या प्रेमात पडलात ते नाही. तसं बघायला गेलं तर गेल्या वर्षी सगळ्यात हुशार माणूस कोण? जो डोळे मिटून साउदॅम्प्टनच्या विरुद्ध लिहीत गेला. ते तीस मॅच हरले. अख्ख्या सीझनमध्ये बारा पॉइंट.

"टॉटनहॅमवाला पण चालला असता," निन्या म्हणाला. "बावीस हरले."

टॉटनहॅमचं नाव काढलं आणि त्याचा चेहरा पडला. त्याची गोष्ट अशी. लीगमध्ये अडतीस आठवडे हरण्याचे अंदाज लिहिणारा हा माणूस युरोपभरच्या क्लबांच्या युरोपा लीगमध्ये मात्र वाहवत गेला. एप्रिलमध्ये फ्रान्सच्या ल्यॉंशी मॅच होती, गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुट्टी, त्यामुळे हा जागा. युनायटेड २–० पुढे. मग ल्यॉंने दोन फेडले, एक्स्ट्रा टाइममध्ये आणखी दोन मारले, तेही दहा जणांत. २–४. एकशे नवव्या मिनिटाला निन्याने टीव्ही बंद केला, दात घासले आणि आडवा झाला. पाच-सात मिनिटांनी समोरच्या बिल्डिंगमधून कोणीतरी बोंबलल्याचा आवाज आला. त्याला वाटलं चोर आला. मग परत आवाज. मोबाइल बघतो तर ४–४, आणि बघता बघता मॅग्वायरच्या डोक्यावरून ५–४. सात मिनिटांत तीन गोल, आणि हा माणूस तोंडात पेस्टची चव घेऊन काळोखात उभा.

"तेव्हापासून मी भ्रमात गेलो," निन्या म्हणाला. "बिल्बाओच्या फायनलला पहिल्यांदा युनायटेड जिंकणार म्हणून लिहिलं. तेव्हा लीगमधला सोळावा विरुद्ध सतरावा. हरलो. एक–शून्य. टॉटनहॅमकडून! ज्यांना आख्खं जग मारत होतं त्यांच्याकडून. म्हणून सांगतो, आशा धरायची नाही."

मंद्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. हे दोघं एकमेकांना रोज शिव्या घालतात, पण दुःखाच्या बाबतीत त्यांची भाऊबंदकी आहे.

आता काका. काकांना इंग्लंडमधली अर्धी नावं उच्चारता येत नाहीत आणि त्याची त्यांना फिकीरही नाही. ते दर आठवड्याला दहाच्या दहा मॅचना १–१ लिहितात. एकच मेसेज, दहा ओळी, कॉपी-पेस्ट. तक्त्यात ते शेवटचे आले, मिसळही त्यांनीच दिली. पण गौरीने आणखी एक रकाना उघडला आणि सगळे पुढे झुकले. नेमके स्कोअर सगळ्यात जास्त काकांचे बरोबर होते.

"कसं शक्य आहे?" मंद्या.

गौरीने समजावलं. एका मॅचमध्ये दोन्ही टीमचे मिळून सरासरी तीनच्या आसपास गोल होतात. घरच्या टीमचे थोडे जास्त, पाहुण्यांचे थोडे कमी. या सरासरीवर हिशोब मांडला की सगळ्यात जास्त शक्यता निघते ती १–१ ची. पण सगळ्यात जास्त म्हणजे किती, तर आठ-नऊ मॅचमध्ये एकदा. बाकी स्कोअर त्याहून दुर्मीळ. म्हणजे कुठलाही स्कोअर लिहा, बहुतेक वेळा तोंडावर पडणारच. आपण ३–१ लिहितो, ४–० लिहितो, कारण आपल्याला तसं बघायचं असतं. काकांना काहीच बघायचं नसतं.

"मला झोपायचं असतं," काका म्हणाले.

घरच्या मैदानाचा फायदा हा गौरीचा दुसरा आवडता विषय. तिचं म्हणणं, काहीच सुचत नसेल तर घरची टीम लिहावी. यावर मी मध्ये पडलो, कारण हे मला जरा वाचून माहीत होतं. २०२०-२१ मध्ये कोरोनामुळे स्टेडियम जवळपास रिकामी होती, आणि त्या सीझनला पाहुण्यांनी १५३ मॅच जिंकल्या, घरच्यांनी १४४. प्रीमियर लीगमध्ये असं पहिल्यांदाच झालं. मैदान तेच, गवत तेच, फक्त ओरडणारे नव्हते. म्हणजे ओरडणाऱ्यांमुळे काहीतरी होतं.

"बघ!" मंद्या उसळला. "फॅनमुळे फरक पडतो! मी आर्सेनल लिहितो म्हणजे मी त्यांच्यासाठी ओरडतोच आहे ना?"

"दादरहून?"

"भावना पोचतात."

"अंधेरीला का नाही पोचत रे तुझ्या भावना?" काकांनी विचारलं.

हे येणारच होतं. काका दर चर्चेत एकदा तरी अंधेरीला, म्हणजे मुंबई सिटी क्लबच्या मैदानावर, जातातच. पूर्वी कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर जायचे. महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा क्लब २००५-०६ मध्ये देशाची लीग जिंकला आणि २०१० मध्ये कंपनीने तो गुंडाळला, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की आम्हाला ते आता श्लोकासारखं पाठ आहे. मुंबई सिटीचंही तसंच. मार्च २०२१ ची आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची फायनल, गोव्याचं फातोर्डा, मोहन बागानविरुद्ध १–१, नव्वदावं मिनिट आणि बिपिन सिंग. पुन्हा मे २०२४, त्याच मोहन बागानला त्यांच्याच कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर ३–१.

"तुमची टीम एकवीस वर्षं लीग जिंकली नाही," काका मंद्याला म्हणाले. "माझी चार वर्षांत दोनदा कप आणि दोनदा शील्ड जिंकली. लोकलचं तिकीट काढून जाता येतं तिथे. रात्री जागावं लागत नाही, पितृपक्ष मध्ये येत नाही. पण तुम्हाला लंडनच पाहिजे."

"मग आयएसएलचे अंदाज लिहू या की, काका," निन्या म्हणाला. "पहिली मॅच कधी?"

काका गप्प. जुलैमध्येच आयएसएल चालवणाऱ्या कंपनीने फेडरेशनला आणि क्लबांना कळवलं होतं की डिसेंबरमध्ये संपणाऱ्या कराराचं काय ते ठरल्याशिवाय सीझन सुरू होणार नाही.

"आमच्या लीगचा अंदाज एकच," काका शेवटी म्हणाले. "होणार की नाही होणार. त्याला १–१ पण लिहिता येत नाही."

मला तेव्हा निन्याचा राग आला. मंद्या आणि निन्याचं रडगाणं हे भरल्या ताटावरचं रडगाणं आहे. पंधरावा आला तरी पुढच्या ऑगस्टमध्ये मॅच असणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. काकांकडे तेवढंही नव्हतं.

तोवर चहावाला फिरत आला. कटिंग हातात आल्यावर मूळ प्रस्ताव पुन्हा निघाला. मी बंदीच्या विरुद्ध होतो आणि तसं सांगितलं. बाकीच्या नऊ मॅच आपण अभ्यास करून लिहितो, म्हणजे निदान तसा आव आणतो. ब्रेंटफर्डची किंवा फुलहॅमची मॅच चुकली तर कुणाचं काय जातं? आपल्या टीमची मॅच हीच एक अशी असते जिथे माहिती सगळ्यात जास्त आणि अक्कल सगळ्यात कमी असते. तीच काढून टाकली तर कट्ट्यावर यायचं कशाला? गौरीचं एक्सेल घरून पण बघता येतं.

मग निन्याने तोडगा काढला. बंदी नको, अदलाबदल करू. युनायटेडचा अंदाज मंद्याने लिहायचा, आर्सेनलचा निन्याने, गौरीचा काकांनी. दुसऱ्याच्या टीमबद्दल आपण खरं बोलतो.

"चालेल," मंद्या म्हणाला. "पहिल्या आठवड्यात युनायटेडची मॅच कोणाशी आहे?"

गौरीने पाहिलं आणि मोबाइल उलटा करून सगळ्यांना दाखवला. रविवार १७ ऑगस्ट, ओल्ड ट्रॅफर्ड, युनायटेड विरुद्ध आर्सेनल.

परत रणकंदन. मंद्याचं म्हणणं, नियमाप्रमाणे मी युनायटेडचा अंदाज लिहिणार, युनायटेड हरणार. निन्या म्हणाला, नियमाप्रमाणे मी आर्सेनलचा लिहिणार, आर्सेनल कॉर्नरवर एक गोल मारणार आणि फालतू खेळून जिंकणार. म्हणजे दोघांचंही उत्तर तेच आलं, जे नियम नसता तरी आलं असतं! वर निन्याने ग्योकेरेशचं काढलं. स्पोर्टिंगला अमोरिमच्याच हाताखाली फुललेला, तिथे एकूण १०२ मॅचमध्ये ९७ गोल मारणारा पोरगा, आणि तो घेतला कुणी, तर आर्सेनलने. "आमच्या घरची पोरगी तुमच्याकडे दिली," तो म्हणाला, "आता निदान नीट नांदवा."

शेवटी ठरलं की या एका मॅचला दोघांच्याही नावावर काकांचा अंदाज लावायचा.

"१–१," काका म्हणाले. दोघांनीही कपाळावर हात मारला.

दहीहंडीचा तो शनिवार-रविवार पावसाने धुवून काढला हे मुंबईकरांना सांगायला नको. कट्ट्यावर कोणी नव्हतं, जे काय झालं ते ग्रुपवर. शुक्रवारी रात्री लिव्हरपूल–बोर्नमथ ४–२. शनिवारी ब्रायटन–फुलहॅम १–१, फुलहॅमने इंज्युरी टाइममध्ये फेडलं, आणि काकांचे तीन पॉइंट. काका तेव्हा झोपले होते. गौरीची मात्र माती झाली. खालच्या लीगमधून वर आलेल्या तीन टीम सरळ हरणार असं तिचं गणित होतं, कारण आधीच्या दोन्ही सीझनला वर आलेल्या तिन्ही टीम तशाच परत खाली गेल्या होत्या. बर्नलीने तिचा मान राखला. संडरलंडने वेस्ट हॅमला ३–० हाणलं आणि सोमवारी लीड्सनेही एव्हर्टनला हरवलं. मंद्याने ग्रुपवर फक्त एक्सेलचा स्क्रीनशॉट टाकला, खाली काही न लिहिता.

रविवारी तेराव्या मिनिटाला राइसचा कॉर्नर, युनायटेडचा गोली बायिंदिर गर्दीत अडकला, बॉल कसाबसा हाताने थोपटला आणि आर्सेनलच्या कालाफिओरीने अगदी जवळून हेड मारला. ०–१. पुढे सगळा वेळ युनायटेडच तुटून पडत होती, शॉट त्यांचेच जास्त, पण स्कोअर तोच राहिला. कॉर्नर म्हटलं होतं ना, निन्याने लगेच टाकलं. पॉइंट मात्र शून्य, कारण त्याच्या नावावर काकांचा १–१ होता. मंद्याचंही तेच. जिंकल्याचा आनंद साजरा करायचा की गेलेल्या पॉइंटांवर बोंब मारायची हे त्याला रात्री अकरापर्यंत ठरवता येत नव्हतं. मधूनच तो "जिंकलो पण काय फालतू खेळलो" असं म्हणत होता, जे निन्या म्हणायला हवा होता. आणि हरलेला निन्या चक्क खुशीत. कुन्हा काय पळतो, एम्बेउमो काय घुसतो, ही वेगळीच टीम आहे म्हणे.

अदलाबदलीचा नियम सोमवारी एकमताने रद्द झाला. पुन्हा ज्याची टीम त्याने लिहायची. शुक्रवारी ग्रुपवर दुसऱ्या आठवड्याचे अंदाज आले. काकांच्या नेहमीच्या दहा ओळी. मंद्याचं आर्सेनल. आणि निन्याच्या यादीत, वर्षभर जिथे हार असायची त्या जागी: फुलहॅम–युनायटेड, ०–३.

"विमा संपला वाटतं," गौरीने विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही. मॅच १–१ झाली.